हिवाळ्याआधी परत: रोजचं वचन आणि डीट्रिख बॉनहोफर

आजचा भाग चर्चला जाणाऱ्यांसाठी आहे, आणि जे चर्चला जात नाहीत, पण लोकलमध्ये किंवा पीएमटीत इयरफोन लावून फक्त इतिहास ऐकायला येतात, त्यांच्यासाठीही.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्येच आहे. सकाळी अलार्म बंद करता करता खाली एक नोटिफिकेशन दिसतं: आजचं वचन. मागे सूर्योदय, नाहीतर डोंगर, नाहीतर कॉफीचा कप. मग तेच वचन यूथ ग्रुपवर येतं, मग फॅमिली ग्रुपवर मावशीकडून, खाली हात जोडलेले तीन इमोजी. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, दिवसभर अशीच नोटिफिकेशनं पाठवणारा कोड लिहितो. त्यामुळे मला एक प्रश्न नेहमी पडायचा. अख्ख्या पुस्तकातून एक ओळ उचलून रोज सकाळी हजारो लोकांना पाठवायची, ही आयडिया मुळात कोणाची? आणि दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. त्या एका ओळीचं करायचं काय? ती वाचून माणूस खरंच वेगळा जगतो, की आमेन टाइप करून पुढे स्क्रोल करतो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पटकन देतो. दुसऱ्यासाठी आपल्याला एका माणसाच्या मागे न्यूयॉर्कपर्यंत जायचंय.

१७२२ साली मोराव्हियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या भागातून, छळाला कंटाळलेली काही प्रोटेस्टंट कुटुंबं सीमा ओलांडून जर्मनीतल्या सॅक्सनीत आली. निकोलाऊस फॉन त्सिंत्सेनडॉर्फ नावाच्या तरुण जहागीरदारानं त्यांना आपल्या जमिनीवर घरं बांधू दिली. त्या वस्तीचं नाव हेर्नहूट. पाचेक वर्षांत तिथे भांडणंही भरपूर झाली, कारण छळातून आलेले लोक एकमेकांशी गोड वागतातच असं काही नाही. १७२७ च्या ऑगस्टमध्ये मोठा समेट झाला. आणि ३ मे १७२८ च्या संध्याकाळी त्सिंत्सेनडॉर्फनं जमलेल्या लोकांना दुसऱ्या दिवसासाठी एक छोटं वाक्य दिलं. गंमत म्हणजे ते बायबलचं वचन नव्हतं, एका गीताच्या ओळी होत्या. सकाळी ते वाक्य घराघरात पोचवलं गेलं. वस्ती होती तीसेक घरांची. माणूस दारात यायचा, आजचं वाक्य सांगायचा, घरात कोण आजारी आहे, कोण खचलंय ते विचारायचा आणि पुढच्या दारी जायचा. म्हणजे जगातलं हे पहिलं नोटिफिकेशन दोन पायांवर चालत यायचं आणि उलट तुमची खबर घेऊन जायचं. आपल्या ॲपमध्ये तो दुसरा भाग गळून गेलाय.

या वाक्याला त्यांनी नाव दिलं ‘लोझुंग’. हा शब्द सैन्यातला. रात्री पहाऱ्यावरचा शिपाई येणाऱ्याला जो परवलीचा शब्द विचारतो, तो लोझुंग. आपल्या भाषेत पासवर्ड म्हणा ना! दिवसाच्या दारातून आत जायचा पासवर्ड. १७३१ पासून पूर्ण वर्षाची वचनं एकत्र छापून येऊ लागली. १७३२ मध्ये या मंडळींचे पहिले मिशनरी कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटाकडे निघाले. पुढे कोणी ग्रीनलंडला गेलं, कोणी लडाखलाही आलं. लेहमध्ये मोरावियन चर्च आजही आहे. खिशात तीच पुस्तिका असली की बर्फात बसलेल्या माणसाला माहीत असायचं, आज घरी आई कुठलं वचन वाचतेय.

ही पुस्तिका एकही वर्ष न चुकता आजही निघते, पन्नासहून जास्त भाषांत. पद्धत अशी. जुन्या करारातली सुमारे १,८०० वचनं चिठ्ठ्यांसारखी एका भांड्यात असतात. हेर्नहूटमध्ये त्यातून वर्षाच्या एकेका दिवसासाठी एकेक काढतात. मग त्याला जुळेल असं नव्या करारातलं वचन संपादक विचार करून निवडतात. म्हणजे अर्धं चिठ्ठीनं, अर्धं डोक्यानं.

चिठ्ठीवरून एक सांगायलाच हवं. या मोरावियन लोकांना चिठ्ठीचं वेड होतं. लग्न कोणाशी करायचं हेसुद्धा बरीच वर्षं चिठ्ठीला विचारलं जायचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तरुणांनी कटकट करून ते कमी करायला लावलं. (बरोबरच केलं.) पण धोका लक्षात घ्या. रोजचं वचन आणि रोजचं राशिभविष्य यांच्यात भिंत फार पातळ आहे. इंटरव्ह्यूच्या दिवशी ‘चांगलं’ वचन आलं की जॉब पक्का, ‘कडक’ वचन आलं की पोटात गोळा. आपल्याकडे यिर्मया २९:११ किती फिरतं बघा. निकालाच्या दिवशी, प्लेसमेंटच्या दिवशी, लग्नाच्या पत्रिकेवर. देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताच्या योजना आहेत, असा त्याचा अर्थ. पण त्याच्या बरोबर आधीच्या वचनात काय आहे? बाबेलात ७० वर्षं. ते पत्र कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलंय, आणि त्याचा हिशेब असा, की ऐकणाऱ्यांपैकी बरेचसे परत जायच्या आधीच म्हातारे होऊन मरणार. दहावं वचन कोणीच वॉलपेपरला लावत नाही.

आता आपल्या माणसाकडे येऊ.

डीट्रिख बॉनहोफर. जन्म १९०६, ब्रेस्लाऊ. वडील बर्लिनमधले नामांकित मनोविकारतज्ज्ञ, भाऊ शास्त्रज्ञ आणि वकील, घरात आठ भावंडं. घर सुशिक्षित आणि खाऊनपिऊन सुखी, चर्चला जाण्याचा फार आग्रह नसलेलं. हा मुलगा म्हणाला मी धर्मशास्त्र शिकणार, तेव्हा भावांनी चेष्टा केली. एकविसाव्या वर्षी डॉक्टरेट. थोडक्यात, हुशार मुलगा. आणि हुशार मुलांचा बायबलशी जो प्रॉब्लेम असतो तोच त्याचा होता. त्याला बायबलवर बोलायला भरपूर यायचं. नंतर एका पत्रात त्यानं लिहिलंय की आपण पुष्कळ प्रवचनं केली, पुष्कळ लिहिलं, पण ख्रिस्ती अजून झालो नव्हतो, आणि बायबलनंच त्यातून सोडवलं.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. जर्मनीच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाचा नाझीधार्जिणा गट जोरात होता. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमध्ये सुमारे २०,००० लोकांच्या सभेत त्यांचा पुढारी राइनहोल्ड क्राउझ यानं जाहीर मागणी केली की चर्चनं जुना करार सोडून द्यावा, तो ज्यूंचा ग्रंथ आहे. टाळ्या पडल्या.

इथे थांबून विचार करा. लोझुंगची पुस्तिका त्या काळात जर्मनीत असंख्य घरांत होती, आणि तिची रचनाच अशी की रोज सकाळी पहिलं वचन जुन्या करारातलं. राज्यकर्ते म्हणताहेत ज्यूंचं पुस्तक फेका, आणि न्याहारीच्या टेबलावर रोज यशया, दाविदाची स्तोत्रं, मोशे. पुस्तिकेनं काही बंड वगैरे केलं नाही. दोनशे वर्षांची सवय होती, ती चालू राहिली एवढंच.

पण मग सरळ प्रश्न येतो, आणि तो मला फार टोचतो. हीच वचनं वाचणारी एवढी घरं होती, तर ती घरं शेजारच्या ज्यू दुकानाच्या काचा फुटताना गप्प का बसली? रोज वाचणारे सगळेच धैर्यवान झाले नाहीत. बहुतेक झाले नाहीत. त्यामुळे ‘रोज पाच मिनिटं वचन वाचा आणि आयुष्य बदला’ हे मी तुम्हाला सांगणार नाही. इतिहास तसं सांगत नाही. बॉनहोफर त्या पाच मिनिटांत काय वेगळं करत होता, ते शोधायचंय.

१९३५ मध्ये हिटलरला न जुमानणाऱ्या ‘कन्फेसिंग चर्च’नं त्याला एक छोटी सेमिनरी चालवायला दिली. आधी समुद्रकाठी, मग श्टेटिनजवळ फिंकनवाल्डेला. त्याआधी तो लंडनमध्ये पाळक होता, आणि तिथून १९३४ मध्ये त्यानं गांधीजींना पत्र लिहिलं होतं, की मला तुमच्याजवळ राहून तुमचं रोजचं जीवन बघायचंय. गांधीजींचं उत्तरही आलं: परतीच्या भाड्याचे पैसे आणि इथल्या खर्चाचे माणशी महिना १०० रुपये असतील तर या. गांधीजींचा मुक्काम तेव्हा वर्ध्याकडे असायचा. म्हणजे थोडक्यात चुकलं, नाहीतर बॉनहोफर विदर्भाच्या उन्हात सूत कातताना दिसला असता! सेमिनरीचं काम आलं आणि ते राहून गेलं. पण रोजच्या जगण्याची शिस्त एकत्र राहून शिकायची, ही ओढ फिंकनवाल्डेमध्ये उतरली असं मला वाटतं.

तिथला नियम असा. रोज सकाळी उपासना झाली की अर्धा तास गप्प बसून मनन. उतारा छोटा, काही ओळींचा, आणि पूर्ण आठवडा तोच. टीकाग्रंथ नाही, ग्रीक शब्दकोश नाही. आणि सगळ्यात अवघड अट: यावर मी प्रवचन कसं करेन हा विचार करायचा नाही. हे मला आज काय सांगतंय, एवढंच.

पोरं वैतागली. त्यांच्यातलाच एक, एबरहार्ड बेथगे, जो पुढे बॉनहोफरचा जिवलग मित्र आणि चरित्रकार झाला, त्यानं प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. कोणी झोपायचं, कोणी पाइप ओढायचं, कोणी गुपचूप रविवारच्या प्रवचनाची तयारी करायचं. काहींना कळेचना की अर्धा तास नुसतं बसून करायचं काय. बाहेरच्या चर्चवाल्यांमध्ये कुजबुज होती की तिकडे पोरांना संन्यासी बनवताहेत. कार्ल बार्टसारख्या मोठ्या माणसानंही पत्रातून कळवलं की या सगळ्याला मठाचा वास येतोय. बॉनहोफरनं मनन बंद केलं नाही. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र, मोठ्यानं बोलून करायचं एवढी सूट दिली.

मला हा किस्सा आवडतो, कारण आपल्याला वाटतं जुने लोक फार भक्तिमान होते आणि आपलंच लक्ष रील्समुळे भरकटतं. १९३५ मध्ये फोन नव्हता, तरी पोरं झोपतच होती की!

१९३७ च्या शरदात गेस्टापोनं सेमिनरीला कुलूप लावलं. वर्ष संपेपर्यंत तिथल्या २७ आजीमाजी विद्यार्थ्यांना अटक झालेली होती. बॉनहोफर विखुरलेल्या मुलांना पत्रकं पाठवत राहिला, आणि त्यात कुठल्या आठवड्यात कुठला उतारा मननाला घ्यायचा ते दिलेलं असायचं. कोणी तुरुंगात, कोणी दूरच्या खेड्यात एकटा, पण त्या आठवड्यात सगळ्यांसमोर तेच पान. इंटरनेटशिवाय सिंक.

मग ९ नोव्हेंबर १९३८. त्या रात्री जर्मनीभर सिनेगॉग जाळली गेली. बॉनहोफर रोज स्तोत्रं म्हणायचा, वर्षानुवर्षांची सवय. त्याचं ते बायबल आजही जपून ठेवलेलं आहे. त्यात ७४ व्या स्तोत्रात, जिथे शत्रूंनी देशातली देवाची सगळी सभास्थानं जाळून टाकल्याचा आक्रोश आहे, त्या आठव्या वचनाशेजारी समासात पेन्सिलनं तारीख आहे: ९.११.३८.

बस्स, तारीख. टिप्पणी नाही.

पण त्या तारखेत केवढं आहे बघा. जर्मन चर्चमधले पुष्कळ लोक त्या दिवसांत म्हणत होते की ज्यूंनी ख्रिस्ताला मारलं, त्याचा हा शाप. बॉनहोफरनं स्तोत्र उघडलं आणि त्याला दिसलं की जळतंय ते देवाचं घर आहे, आणि जाळणारे देवाचे शत्रू आहेत. मग आपण कुठल्या बाजूला उभे आहोत? त्यानंतरच्या पत्रकात त्यानं मुलांना कळवलं की या दिवसांत मी ७४ व्या स्तोत्रावर, आणि जखऱ्याच्या दुसऱ्या अध्यायावर, रोमकरांस पत्राच्या नवव्या आणि अकराव्या अध्यायांवर फार विचार करतोय. जखऱ्यात ते डोळ्याच्या बुबुळाचं वचन आहे, जो या लोकांना हात लावतो तो देवाच्या डोळ्याला हात लावतो या अर्थाचं. उघड राजकारण एक शब्द नाही, सेन्सॉरला पकडता येणार नाही, पण ज्यानं ती पानं उघडली त्याला कळलं.

हा फरक माझ्या मते सगळ्यात मोठा. आपण वचन वाचतो आणि विचारतो, यात माझ्यासाठी काय आहे? माझा जॉब, माझं लग्न, माझी ॲन्झायटी. तेही विचारावं, देव तेही ऐकतो. पण बॉनहोफरच्या समासात त्या दिवशीची जी तारीख आहे ती दुसऱ्या कोणाच्या तरी दुःखाची आहे.

आता जून १९३९. युद्ध येणार हे सगळ्यांना दिसत होतं. बॉनहोफर ३३ वर्षांचा. त्याच्या वयाच्या मुलांना सैन्यभरतीचं बोलावणं येणार होतं. त्याला हिटलरसाठी बंदूक उचलायची नव्हती, आणि नकार दिला असता तर त्याच्यासोबत कन्फेसिंग चर्चवरही संकट आलं असतं. राइनहोल्ड नीबूर आणि इतर मित्रांनी खटपट करून अमेरिकेत काम मिळवून दिलं. १२ जूनला तो न्यूयॉर्कला उतरला. युनियन सेमिनरीत राहायला छान खोली, निर्वासितांमध्ये काम करायची ऑफर. आपल्या भाषेत ऑनसाइट मिळालं होतं, तेही जीव वाचवणारं.

आणि त्याला चैन पडेना. त्या दिवसांतली त्याची डायरी आहे आणि तिच्यात लोझुंग सारखी येत राहते. सिगारेटी ओढत टाइम्स स्क्वेअरमध्ये भटकायचा, जर्मनीची बातमी शोधायचा, संध्याकाळी येऊन लिहायचा. २० जूनला त्यानं हेन्री लीपर या चर्च अधिकाऱ्याला भेटून सांगितलं की ते काम मी घेऊ शकत नाही. त्या रात्री त्यानं लिहिलंय की मी हे का करतोय ते मलाच नीट कळत नाही, माझ्यापेक्षा देवालाच ते जास्त दिसतं. आजचं वचन देवाच्या कठोर न्यायाविषयी बोलतंय, आणि तो न्याय दयेचा असावा एवढंच मागणं आहे. २४ जूनचं वचन यशया २८:१६. जो विश्वास ठेवतो तो पळून जात नाही, असं त्याच्या जर्मन बायबलमध्ये. त्याला मायदेशातलं काम आठवलं.

आणि २६ जून. ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी अशी सांगतात की त्या दिवसाच्या लोझुंगमध्ये हिवाळ्याआधी येण्याचं वचन निघालं आणि तो उठून निघाला. डायरीत तसं नाहीये. डायरी म्हणते की आज सहजच २ तीमथ्य ४ वाचनात आलं. म्हणजे पुस्तिकेनं दिलेलं वचन नव्हे, असंच पानं उलटताना समोर आलेलं. आणि जर्मनीला परतण्याकडे त्याचा कल सहा दिवस आधीच झालेला होता.

तो अध्याय तुम्ही उघडून बघा. पौल रोममध्ये कैदेत आहे, मरण जवळ आलंय. जवळ फक्त लूक. देमास ऐहिक सुखाच्या ओढीनं सोडून गेलाय. पौलाला थंडी वाजणार आहे, म्हणून तो तीमथ्याला त्रोवसात राहिलेला झगा आणायला सांगतो. पुस्तकं आण, चर्मपत्रं तर नक्की आण. आणि हिवाळा सुरू व्हायच्या आत येऊन पोच. त्यात काही अध्यात्म नाही हो. म्हातारा माणूस तरुण मित्राला लवकर ये म्हणतोय, कारण हिवाळ्यात समुद्र बंद होतो.

बॉनहोफर लिहितो की ही विनंती दिवसभर माझा पिच्छा सोडत नाहीये. सुट्टीवर आलेल्या सैनिकाला काहीही झालं तरी आघाडीवर परत जावंसं वाटतं, तसं आमचं झालंय. आणि मग तो जे म्हणतो त्यासाठी मी हा भाग करतोय: हे मला उद्देशून आहे असं मी मानलं तर तो शास्त्राचा गैरवापर नाही. पुढे लगेच, देवानं त्यासाठी कृपा दिली तर.

धर्मशास्त्राचा डॉक्टर आहे तो! त्याला माहीत आहे की हे पत्र पहिल्या शतकात तीमथ्याला लिहिलंय, बॉनहोफरला नाही. यूथ मीटिंगमध्ये कोणी असं म्हणालं तर आपण हसू: ‘ये म्हणाला म्हणून निघालास?’ मग गैरवापर का नाही? तो कारण देत नाही. मी माझं सांगतो, पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा.

एक तर, ते वचन त्याला सोयीचं नव्हतं. राशिभविष्य नेहमी आपल्या सोयीचं निघतं. इथे वचन त्याला सुरक्षित खोलीतून उठवून गेस्टापोच्या दारात पाठवत होतं. दुसरं, त्यानं त्या वचनात तीमथ्याची जागा घेतली, कारण त्याचे लोक खरंच कैदेत होते. फिंकनवाल्डेची पोरं तुरुंगात होती. म्हणजे त्यानं अर्थ ओढूनताणून काढला नाही, परिस्थिती तीच होती. आणि तो जायचं जवळपास ठरवून बसला होता, कारणं मात्र त्याची त्यालाच धड सापडत नव्हती. वचनानं त्याच्याऐवजी निर्णय घेतला नाही. ‘तुझी कोणीतरी थंडीत वाट बघतंय’ एवढं सांगितलं. वर्षानुवर्षं रोज, कंटाळा आला तरी, झोप आली तरी, अर्धा अर्धा तास बसलेला माणूस होता तो. त्या दिवशी ते पान उघडलं आणि तो आवाज त्याच्या ओळखीचा निघाला.

नीबूरला त्यानं पत्र लिहून सांगितलं की अमेरिकेला येण्यात माझी चूक झाली, आणि माझ्या लोकांसोबत या काळातली संकटं भोगली नाहीत, तर युद्धानंतर जर्मनीत ख्रिस्ती जीवन उभं करण्यात भाग घ्यायचा मला हक्क उरणार नाही. ७ जुलैच्या रात्री तो जहाजावर चढला. न्यूयॉर्कला येऊन महिनाही झाला नव्हता. १ सप्टेंबरला युद्ध सुरू झालं. हिवाळ्याच्या पुष्कळ आधी.

पुढचं तुम्हाला थोडंफार माहीत असेल. हिटलरविरोधी कटाशी संबंध, ५ एप्रिल १९४३ ला अटक, बर्लिनचा टेगेल तुरुंग. तिथेही लोझुंगची पुस्तिका होती. बेथगे तेव्हा सैन्यात इटलीत, त्याची बायको रेनाटे घरी तान्हं बाळ घेऊन. बॉनहोफरनं कोठडीत बसून रोजच्या वचनांवर छोटी टिपणं लिहून त्यांना पाठवली. तीन माणसं तीन ठिकाणी, आणि मधे बाँबहल्ले.

२० जुलै १९४४ ला हिटलरवरचा बाँब फसला. कटाच्या बाजूच्या सगळ्यांसाठी हा मृत्युदंडच होता, आणि बॉनहोफरला ते कळलं. दुसऱ्या दिवशी बेथगेला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की कधी कधी मोठे प्रश्न बाजूला ठेवून नुसतं विश्वासात जगावंसं वाटतं, आणि मग रोजच्या वचनांचा साधा आनंद होतो, जसा कालच्या आणि आजच्या. कालचं काय होतं? स्तोत्र २०, कोणी रथांवर आणि घोड्यांवर विसंबतात, आम्ही देवाच्या नावावर, या अर्थाचं. त्या दिवशी, जेव्हा माणसांच्या हातातलं शेवटचं हत्यार निकामी ठरलं. आजचं होतं स्तोत्र २३. मेंढपाळाचं. आपल्या प्रत्येक संडे स्कूलच्या पोराला पाठ असलेलं.

८ एप्रिल १९४५, ईस्टरनंतरचा रविवार. कैद्यांचा एक गट बव्हेरियातल्या शोनबर्ग गावच्या शाळेत कोंडलेला. सोबतच्यांनी बॉनहोफरला उपासना घ्यायला सांगितलं. तो कचरला, कारण बरेच जण कॅथलिक होते, आणि मोलोटोव्हचा पुतण्या म्हणवणारा कोकोरिन नावाचा रशियन अधिकारी तर नास्तिक. जबरदस्ती नको असं त्याचं म्हणणं. कोकोरिन स्वतःच म्हणाला, घ्या. मग त्यानं त्या दिवसाची वचनं घेतली: यशया ५३:५ आणि १ पेत्र १:३. त्याच्या जखमांनी आपण बरे झालो, आणि मेलेल्यांतून उठलेल्या ख्रिस्तामुळे मिळालेली जिवंत आशा. प्रार्थना संपते न संपते तोच दार उघडलं आणि दोन माणसांनी त्याचं नाव पुकारलं. शेजारच्या खोलीतल्या कैद्यांना त्यानं उपासना घ्यायला यावं असं वाटत होतं. ते राहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लोसनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिलं. वय ३९.

ज्यानं कधीतरी त्या भांड्यातून यशयाची ती चिठ्ठी काढून ८ एप्रिलसमोर लिहिली, त्याच्यासाठी ती वर्षातल्या ३६५ चिठ्ठ्यांपैकी एक होती.

मागच्या भागावर दोघा-तिघांनी विचारलं होतं की एकेक वचन नको, पूर्ण बायबल वर्षात संपवायचा तक्ता कोणी काढला. त्यातला सगळ्यात गाजलेला तक्ता १८४२ च्या शेवटी स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात रॉबर्ट मरे मॅकचेन नावाच्या एका पाळकानं आपल्या मंडळीसाठी बनवला. त्याचं वय तेव्हा २९, जवळपास माझ्याएवढं, आणि पुढच्या मार्चमध्ये तो टायफसनं गेला. पुढचा भाग त्याच्यावर. तोवर २ तीमथ्याचा चौथा अध्याय वाचून ठेवा, बावीसच वचनं आहेत, चहा निवायच्या आत होतात.